चीनला जाण्याआधीची जेवणे

गेले दोन महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा नाही. टेबलावर चीनचा नकाशा आहे, नकाशावर रेल्वेच्या वेळांचे छापील कागद आहेत, कागद उडू नयेत म्हणून त्यांवर एक लोणच्याची बरणी आहे, आणि आम्ही दोघे ताटे मांडीवर घेऊन बाजूच्या खोलीत जेवतो. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक, दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांत. कोल्हापुरात बिऱ्हाड थाटून अठरा वर्षे झाली. आमच्यातला एक मालवणकडचा आणि दुसरी सोलापूरची. एकाचा रविवार मासळीवाचून उजाडत नाही. दुसरीने जन्मात अंडेही तोंडात घातलेले नाही. पुढे 'आम्ही' असे जे लिहिले आहे ते बहुतेक ठिकाणी एकमताने लिहिले आहे. जिथे एकमत नव्हते तिथे तसे सांगितले आहे.

सहल कशी आखावी हे आम्हांला कोणी शिकवले नाही. आमच्यापैकी एकाने नऊ वर्षे तासिका तत्त्वावर काढली. त्या नऊ वर्षांत सुट्टी म्हणजे बिनपगारी महिना, आणि प्रवास म्हणजे सोलापूर किंवा मालवण. कायम झाल्यावर, २०१७ च्या मे महिन्यात, आम्ही एका पर्यटन कंपनीबरोबर सिंगापूर-मलेशियाला गेलो. कंपनीने आपले आचारी बरोबर नेले होते, आणि माहितीपत्रकात त्याचाच मोठा डौल होता. सहा दिवस आम्ही परदेशात पुरीभाजी, कढी-खिचडी आणि एकदा आमरस जेवलो. पाचव्या संध्याकाळी आमच्यातला मालवण पक्ष काही न सांगता हॉटेलातून निघाला, जवळच्या खाद्यपदार्थांच्या बाजारात बाकावर बसून केळीच्या पानातला भाजलेला मासा खाऊन आला, आणि खोलीत आल्यावर हात धुवायच्या आतच ओळखला गेला. सोलापूर पक्ष खाटेवर बसून पातळ पोह्यांचा चिवडा खात होता. "तुला एवढीही सोबत करता आली नाही?" आणि "तुला नुसते बघायलाही यायचे नव्हते?" या दोन वाक्यांनंतर सिंगापूर ते कोल्हापूर आम्ही एकमेकांशी फक्त पासपोर्टांविषयी बोललो. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. आता ती पुण्याला शिकते. चीनचे कळल्यावर फोनवर म्हणाली, "आईबाबा, या वेळी भांडण घरीच उरकून जा."

हा सल्ला आम्ही गंभीरपणे घेतला. टेबलावरचे कागद त्याचाच परिणाम आहेत.

चीनच का, हे आधी सांगायला हवे. महाराष्ट्रात आज असे तालुक्याचे गाव सापडणे कठीण, जिथे एसटी स्टँडजवळ लाल रंगाची 'चायनीज'ची गाडी नाही. आमच्या महाविद्यालयांच्या दारांत मिळून तीन आहेत. त्यांवर 'शेजवान' हा शब्द पाच तऱ्हांनी लिहिलेला आम्ही पाहिला आहे, आणि प्रमाणलेखन शिकवणाऱ्या माणसांना त्यातली कुठली तऱ्हा बरोबर म्हणावी हे सांगता येत नाही. हा शब्द म्हणजे सिचुआन प्रांताचे जुने रोमन स्पेलिंग मुंबईच्या तोंडात पडून झालेले रूप. सिचुआनमधल्या माणसाला आपला शेजवान राईस दाखवला तर तो नाव ओळखणार नाही आणि पदार्थही. मंचुरियनचे तर मंचुरियाशी नावापुरतेही नाते नाही. ते १९७५ मध्ये मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात नेल्सन वांग यांनी प्रथम केले असे सांगतात. म्हणजे वडापावचा हा जवळजवळ भाऊच. आम्ही त्याला नावे ठेवत नाही. चायनीज भेळ हा पदार्थ ज्याला सुचला त्याच्याकडे कल्पनाशक्ती होती हे मान्य करायलाच हवे. पण पंचवीस वर्षे एखाद्या पुस्तकाचे रूपांतर वाचत आल्यावर मूळ ग्रंथ एकदा पाहावासा वाटतो, तसे काहीसे आमचे झाले.

त्यात मालवण पक्षाला एक गोष्ट कळली आणि बेत पक्का झाला. सिचुआनच्या स्वयंपाकाची खूण मिरची नव्हे. मिरची त्यांच्याकडेही आपल्यासारखीच अमेरिकेतून आलेली. सोळाव्या शतकाआधी ती ना चेंगदूत होती ना कोल्हापुरात. खूण आहे ती 'हुआ-जियाओ' नावाच्या छोट्या, फुटलेल्या फळाची. आतली काळी कडक बी टाकायची आणि साल वापरायची. वनस्पतिशास्त्रात हे झाड आणि कोकणातले तिरफळाचे झाड एकाच कुळीतली, सख्ख्या चुलतभावांसारखी. तिरफळावाचून मालवणात बांगड्याची आमटी होत नाही. त्याच्या वासात लिंबाची साल असते, लाकूड असते, आणि ते चावले तर जिभेला मुंग्या येतात. चिनी भाषेत या मुंग्यांना वेगळा शब्द आहे, 'मा', तिखटाला 'ला'. सिचुआनचे वैशिष्ट्य म्हणजे ही जोडी, 'माला'. आमच्याकडे तिखटासाठी झणझणीत, जळजळीत, तिखटजाळ असे शब्दांचे भांडार असून या दुसऱ्या संवेदनेला स्वतःचे नाव नाही, हे एका मालवण्याच्या लक्षात येण्यासाठी त्याला चेंगदूची माहिती वाचावी लागली. मुंबईच्या शेजवान चटणीत लसूण, मिरची, व्हिनेगर सगळे असते. हे फळ तेवढे नसते. जे मूळ गाळून रूपांतर झाले ते मूळ एकाच्या आईच्या डब्यात पन्नास वर्षे पडून होते.

सोलापूर पक्षाने यावर विचारले, की अठरा वर्षे हा वास माझ्या घरात आहे, मी तो कधी चाखला आहे का?

नव्हता. आमच्या घरात मासळीचा तवा वेगळा आहे आणि तो मागच्या गॅलरीत राहतो. तिथेच एक शेगडी, तिथेच तिरफळांची बाटली. ही व्यवस्था लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात, कुणीही मोठ्याने काही न बोलता ठरली आणि पुढे कायद्यासारखी चालली. घरात दोन स्वयंपाक होतात, भांडणे होत नाहीत. पाहुणे आमच्या समजूतदारपणाचे कौतुक करतात. तवा वेगळा ठेवला म्हणजे बाटलीही वेगळी ठेवलीच पाहिजे असे नव्हते, पण ते दोघांपैकी कुणालाच सुचले नाही.

तेव्हा आम्ही एक प्रयोग केला. कोकणात आणि गोव्यात मोड आलेल्या, सोललेल्या मुगाची नारळाच्या रसातली आमटी करतात. तिच्यात तिरफळे पडतात आणि मासळीचा संबंध नसतो. एका शनिवारी ती आतल्या शेगडीवर, आतल्या पातेल्यात झाली. "आधी एक नुसते चावून बघ," असे मालवणच्या आजेसासूबाई ज्या सुरात नव्या सुनांना सांगत तसे सांगण्यात आले. ते चावले गेले. अर्धा मिनिट काही झाले नाही. मग सोलापूर पक्षाने ओठाला बोट लावून पाहिले आणि म्हटले, "अगंबाई, ओठ आहे का नाही?" नंतर दोन वाट्या आमटी संपली. आम्ही दोघे एका भांड्यातले, मालवणच्या घरचे म्हणता येईल असे काही एकत्र जेवलो, ते बहुधा पहिल्यांदाच. असो.

आता मार्गाविषयी. मार्च २०२० च्या आधीच थांबलेली भारत-चीन थेट विमाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, आधी कोलकाता-ग्वांगझू, मग दिल्लीहून शांघाय आणि ग्वांगझू. त्यामुळे शांघायला उतरायचे आणि ग्वांगझूहून परतायचे, मधला सगळा देश आगगाडीने, असा आराखडा झाला. ऑक्टोबरचा पहिला आठवडा तिकडे राष्ट्रीय सुट्टीचा असतो आणि त्या दिवसांत अख्खा देश रस्त्यावर उतरतो. आमची दिवाळीची सुट्टी सुदैवाने त्यानंतर येते. शांघायला एकच रात्र. तिथे मालवण पक्षाला वाफवलेले, आत रस्सा भरलेले ते छोटे बाव खायचे आहेत, कारण त्यांच्या चुण्या पाहून उकडीच्या मोदकाची आठवण होते. कळ्या कोण अधिक पाडतो हे मोजून यायचे आहे.

बीजिंगचे फार सांगत नाही, कारण ते सगळ्यांनी सांगितले आहे. राजवाडा सोमवारी बंद असतो आणि त्याची तिकिटे सात दिवस आधीच, पासपोर्टाच्या क्रमांकावर काढावी लागतात. महाभिंतीला एक दिवस. नोव्हेंबरात पहाटे पारा शून्याजवळ जातो, तेव्हा लोकरी कपडे. तिकडे आपले नेहमीचे संदेशांचे आणि शोधाचे उपयोजक चालत नाहीत, रोख पैसे घ्यायला दुकानदार कुरकुरतात, आणि चौकोनी चिन्हावर फोन धरून पैसे द्यायचे असतात. ही तयारी मुलगी करून देणार आहे.

शीआन मात्र आम्हांला बीजिंगपेक्षा महत्त्वाचे वाटते. १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांच्या कुदळीला मातीचे सैनिक लागले, ते गाव याच शहराजवळचे. पण आमचे कारण वेगळे. शाळेत असल्यापासून आम्ही ज्याचे नाव ह्युएनत्संग असे घोकले, तो इथून निघाला आणि सोळा-सतरा वर्षांनी, ६४५ मध्ये, ६५७ ग्रंथ घेऊन इथेच परतला. त्या ग्रंथांसाठी ६५२ मध्ये बांधलेला मनोरा अजून उभा आहे. मधल्या काळात दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात येऊन त्याने 'मो-हो-ल-च' म्हणजे महाराष्ट्रातल्या लोकांविषयी लिहून ठेवले: ताठ, उपकार स्मरणारी, अपमान न विसरणारी, आणि सूड घेण्यापूर्वी शत्रूला आगाऊ कळवणारी माणसे. महाराष्ट्राच्या इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात हा उतारा येतो आणि प्रत्येक पिढी तो वाचून थोडी फुगते. आम्हीही वर्गात तो मोठ्या आवाजात सांगितला आहे. आता टेबलाशी बसून वाटते की तो इतक्या लांबून आला, आपण त्याच्यावर काय छाप पाडली तेवढे आपण पाठ केले, आणि तो आला त्या गावात लोक काय खातात हे विचारायला आपल्याला चौदाशे वर्षे लागली.

ते काय खातात, तर मटणाच्या रश्शात कुस्करलेली भाकर. अक्षरशः. जाड, अर्धवट भाजलेली रोटी गिऱ्हाइकाच्या पुढ्यात ठेवतात, त्याने ती आपल्या हाताने बारीक तुकडे करून वाडग्यात भरायची, मग वाडगे आत जाते आणि रस्सा होऊन परत येते. तुकडे जितके बारीक, तितका खाणारा जाणता. सोलापुरातले कुठलेही शेतकऱ्याचे पोर ही परीक्षा पहिल्या प्रयत्नात पास होईल. फक्त सोलापूर पक्षाला मटण चालत नाही.

इथून खरी वादावादी सुरू झाली. पदार्थांची यादी मालवण पक्षाने केली होती आणि ती प्रेक्षणीय स्थळांच्या यादीपेक्षा लांब होती: बीजिंगचे बदक, शीआनचे कुस्करलेले मटण, चेंगदूचे तिखट रश्शात उकळलेले मासे. सोलापूर पक्षाच्या नावापुढे 'टोमॅटो-अंडे' लिहून मग 'अंडे नको' असे कंसात लिहिले होते. सोलापूर पक्षाने ती यादी वाचली आणि विचारले, की कोल्हापूरला येणारा पर्यटक काय खातो?

तांबडा-पांढरा.

आणि आपल्या गल्लीत सोमवारी कुणाच्या घरी तांबडा-पांढरा असतो?

याला उत्तर नव्हते. कोल्हापूरच्या बाहेर कोल्हापूर म्हणजे मटण. सोमवारच्या ताटातली मेथी, पिठले, दही-भाकरी, आषाढातली आंबील कुणाच्या यादीत येत नाही. सोलापूरचे तर भाग्य असे की तिथली शेंगाचटणी आणि कडक भाकरी हीच तिथली ओळख झाली. तेव्हा 'स्थानिक' म्हणून आपण जी यादी केली ती चेंगदूची यादी नाही, चेंगदूला चार दिवस जाऊन आलेल्यांची यादी आहे. चेंगदूचा सोमवार शोधा, असा सोलापूर पक्षाचा आग्रह पडला. तो आम्हांला, म्हणजे थोड्या वेळाने दोघांनाही, पटला.

चेंगदूचा सोमवार शोधताना पुष्कळ काही हाती लागले. शीआनमध्ये 'ल्यांगपी' नावाच्या गार शेवया मिळतात, मिरचीचे तेल, व्हिनेगर आणि काकडी घातलेल्या. त्या गव्हाच्या किंवा तांदळाच्या चिकाच्या असतात. कुरडयांचा गव्हाचा चीक ज्यांनी ताटलीत घालून खाल्ला आहे त्यांना अधिक सांगायला नको. चेंगदूत 'मासळीच्या वासाची वांगी' असतात. त्यांत मासळी नसते. जो मसाला तिकडे मासळीला घालतात तो वांग्याला घातला, म्हणून ते नाव. (आपल्या भरल्या वांग्यांना कुणी 'सुक्या मटणाच्या चवीची' म्हटले तर जसे.) परंतु वर शोभेला डुकराच्या खिम्याची चिमूट पडण्याचा संभव असतो, आणि तिकडे अनेकांच्या लेखी त्याने भाजी भाजीच राहते. त्या प्रसिद्ध मापो टोफूचेही तसेच. हा पदार्थ एकोणिसाव्या शतकात चेंगदूतल्या चेन आडनावाच्या, चेहऱ्यावर देवीचे वण असलेल्या बाईच्या खानावळीत झाला म्हणतात. त्यात गोमांसाचा खिमा असतो. यावर उपाय एकच, शाकाहाराचा त्यांचा स्वतःचा शब्द वापरायचा.

तो शब्द 'सू'. मूळ अर्थ न रंगवलेले, पांढरे रेशीम, त्यावरून साधे, त्यावरून मांसावाचूनचे अन्न. संस्कृत नाटकांतले चीनांशुक आठवून आम्ही दोघेही थोडा वेळ टेबलापासून दूर गेलो, कपाटातून कोश काढले, आणि तो दिवस असाच गेला. 'मी सू खाते' हे वाक्य चिनीत तीन अक्षरांचे आहे, आणि सूर चुकला तर काय ऐकू येईल याची हमी नाही. एक मात्र आपल्या बाजूला आहे. चाकातला च आणि चारातला च हा भेद जो मराठी माणूस उपजत करतो, तोच भेद चिनी भाषेत आहे. हिंदी भाषकाला तो घोकावा लागेल. मराठी घेऊन काय होणार, असे आम्हांला प्रवेशाच्या वेळी नातेवाइकांनी विचारले होते. हे होणार होते.

'सू' भोजनाची परंपरा बौद्ध मठांतली. तिथे मांस तर नाहीच, कांदा आणि लसूणही नाही. सोलापूरच्या घरात चातुर्मास पाळलेला असल्यामुळे हे वाचून आमच्यातल्या एकीला माहेरचा माणूस भेटल्यासारखे झाले. चेंगदूत 'वेनशू' मठ आहे. वेनशू म्हणजे मंजुश्री. मठाचे शाकाहारी भोजनगृह आहे, चहाचे अंगण आहे, आणि 'चहा' हा शब्द तरी कुणाला शिकवावा लागणार नाही. तिथे एक दुपार दोघांचीही लिहिली आहे. मालवण पक्षाने त्यावर हरकत घेतली नाही.

आणि रात्रीसाठी मालवण पक्षाने शोध लावला तो उकळत्या भांड्याचा. टेबलाच्या मध्यभागी शेगडी, वर रश्शाचे भांडे, आपल्याला हवे ते त्यात बुडवून शिजवून खायचे. सिचुआनचा रस्सा लालभडक. पण ज्यांना तो झेपत नाही त्यांच्यासाठी भांड्याच्या मधोमध वळणदार पत्रा घालून दोन भाग करतात: एकीकडे लाल, दुसरीकडे पांढरा. आम्ही चित्र पाहिले आणि दोघेही एकदमच "तांबडा-पांढरा!" म्हणालो. या भांड्याला ते 'युआनयांग' भांडे म्हणतात. युआनयांग ही तिकडची रंगीत बदकांची जोडी, दांपत्यप्रेमाचे त्यांचे जुने प्रतीक. आपल्या कवींनी यासाठी चक्रवाकांची जोडी घेतली आणि तिला रोज रात्री नदीच्या दोन तीरांवर बसवले. त्यांची जोडी एकत्र राहते, फक्त मध्ये पत्रा असतो. पांढऱ्या बाजूचा रस्सा बहुधा हाडांचा असतो, तो अळिंब्यांचा आहे का हे विचारून घ्यायचे, अशी नोंद केली आहे.

इथपर्यंत सगळे आनंदाचे होते. मग सोलापूरहून फोन आला.

अण्णा, म्हणजे सोलापूर पक्षाचे वडील, निवृत्त शिक्षक, वय ८२. आमचा बेत त्यांना कळला होता. ते जावयाशी बोलले. महत्त्वाचे ते नेहमी जावयाशी बोलतात. "तुम्ही चीनला जाताय तर डॉक्टरांना भेटून या."

डॉक्टर म्हणजे द्वारकानाथ कोटणीस. सोलापुरात १९१० साली जन्मलेला हा माणूस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला. जपानशी युद्ध चालू होते. त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले, डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, गुओ छिंगलान या परिचारिकांच्या शिक्षिकेशी त्यांनी लग्न केले, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी वारले. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता. त्याचे नाव 'यिनहुआ', म्हणजे भारत-चीन. शांतारामांचा १९४६ चा चित्रपट सगळ्यांना माहीत आहे. समाधी शिजियाझुआंग नावाच्या शहरात, हुतात्म्यांच्या दफनभूमीत आहे.

शिजियाझुआंगमध्ये पर्यटकाने जावे असे काही नाही. कुठल्याही यादीत ते नाव नाही. मालवण पक्षाचे म्हणणे असे पडले, की ही आपली सहल आहे, यात्रा नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा आपण दोघे आपल्यासाठी जातो आहोत. आजवरच्या सगळ्या सुट्ट्या कुणाच्या तरी आजारपणासाठी, लग्नासाठी, दिवसकार्यासाठी गेल्या. आता परदेशातही एका समाधीसाठी दिवस द्यायचा? आणि तो चेंगदूच्या चार दिवसांतून? सोलापूर पक्षाचे म्हणणे असे, की तिरफळाच्या चुलतभावासाठी चार दिवस आणि माझ्या गावच्या माणसाला अर्धा दिवस नाही. हे वाक्य बोलून झाल्यावर सिंगापूरची खोली आम्हां दोघांनाही आठवली, हे आम्ही नंतर एकमेकांना सांगितले. आठ दिवस टेबलाकडे कुणी फिरकले नाही.

त्याच आठवड्यात शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचा एक विद्यार्थी तास संपल्यावर मागे थांबला. त्याला कुठून तरी कळले होते. "सर, चीनला कशाला जाताय?" त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याच्या घरात तीन पिढ्या सैन्यात आहेत. जून २०२० मध्ये गलवानला आपले वीस जवान गेले तेव्हा त्याचे काका लडाखमध्येच होते. त्याला द्यायला आमच्याजवळ ह्युएनत्संग होता, तिरफळ होते, मंजुश्री होता. त्यातले काहीही तोंडातून निघेना. "बघायला," एवढेच म्हटले. तो "बरं सर" म्हणून गेला.

घरी हे सांगितल्यावर अण्णांची एक गोष्ट निघाली. १९६२ च्या हिवाळ्यात ते महाविद्यालयात होते. वर्गातल्या एकाने म्हटले होते, की त्या कोटणिसाने ज्यांना वाचवले तेच आता आपल्यावर गोळ्या झाडत असतील. अण्णांची आणि त्याची मारामारी झाली. अण्णा आज सांगताना म्हणतात, "त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मी मारलं." यापुढे ते काही सांगत नाहीत. डॉक्टरांना भेटून या, हे त्यांचे म्हणणे या मारामारीच्या कुठल्या बाजूचे आहे, हे त्यांच्या मुलीलाही सांगता येत नाही.

नवव्या दिवशी मालवण पक्षाने बरणी बाजूला करून रेल्वेचे कागद पुन्हा काढले आणि पहिल्यांदाच मधल्या स्थानकांची नावे वाचली. बीजिंगहून शीआनला जाणाऱ्या वेगवान गाड्यांचा नेहमीचा मार्ग शिजियाझुआंगवरूनच आहे. बीजिंगपासून साधारण सव्वा तास. सकाळी निघून तिथे उतरायचे, सामान स्थानकावर ठेवायचे, समाधीशी जाऊन यायचे आणि दुपारची गाडी धरून रात्री शीआनला पोचायचे. चेंगदूचा एक तासही जात नाही. पुढे त्याच वाटेवर लुओयांगही लागते, जिथल्या श्वेताश्व मठात २०१० मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी भारतीय धाटणीच्या मंदिराचे उद्घाटन केले. पण तिथे उतरायचे नाही, यावर मात्र दोघांचेही लगेच एकमत झाले. आम्ही अण्णांना फोन करून गाडीचे सांगितले. ते म्हणाले, "होय तर. मी बघून ठेवलंय."

शीआन ते चेंगदू हा रस्ता इतका अवघड, की ली बाय या कवीने त्याच्या अवघडपणावर कविता लिहिली. आता डिसेंबर २०१७ पासून छिनलिंगच्या डोंगरांतल्या बोगद्यांतून गाडी चार तासांत पोचवते. त्या गाडीची खिडकी कुणाची, एवढा एक प्रश्न राहिला आहे.

आणि चादरीचा. परवा सोलापूरहून पार्सल आले. त्यात शेंगाचटणीची पिशवी होती, कडक भाकरीचा डबा होता, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लाल-निळी सोलापुरी चादर होती, मोराची. चिठ्ठी जावयाच्या नावाने: समाधीवर घालावी, तिथले लोक घालू देत नसतील तर घडी करून पायाशी ठेवावी, तेही नको म्हणाले तर परत आणावी, पण आधी विचारावे. मालवण पक्षाने ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिली. एक किलो चारशे ग्रॅम. लोकरी कपड्यांतला कोणाचा कोट कमी करायचा, यावर काल रात्री चर्चा झाली. चटणी मात्र न्यायची नाही, ती आम्ही मांडीवरच्या ताटांत वाढून घेतली आहे.